आरसा उठतो तेव्हा

गणपती पेठेपासून हरभट रोडपर्यंत
लोकांची पिग्मी गोळा करत यायचो
आणि शेवटची पावती माझ्याच नावानं फाडायचो. पन्नास रुपये.
चौदा महिने.
त्याआधीचं खातं आईच्या मोतीबिंदूला मोडलं,
ते धरत नाही.

आज एकवीस हजार खिशात
आणि बिरनाळेंच्या दुकानात मी पहिल्यांदाच
पावतीबुकाशिवाय उभा.
"आज हप्ता नको?"
"आज तुम्हीच घ्या," म्हणालो.

त्यांनी काचेवर दोन कॅमेरे ठेवले.
एक कोरा, डब्यातला.
एक वापरलेला, पकडीच्या रबरात
कुणाच्या तरी लग्नाची हळद.
मी मेगापिक्सेल पाठ करून गेलो होतो.
"आकडे ठेवा बँकेत. हातात धरून बघा."

नवा हलका होता, इतका आखूड की
करंगळी खाली लोंबत राहिली, बिनकामाची.
जुन्यावर चारही बोटं बसली.
"किती क्लिक झालेत?"
"एकतीस हजार. तरुण आहे अजून."
मग आवाज खाली आणून, जणू गिऱ्हाईक तोडत होते स्वतःचंच:
"बॉडी दरसाल म्हातारी होते, लेन्स नाही होत.
जुना घ्या, उरलेल्यात ही पन्नासची लेन्स घ्या.
झूम नाही हिला. जवळ जायचं तर पायांनी जायचं.
तुम्हाला काय, सवयच आहे."

डोळा लावला.
रस्त्यापलीकडे भडंगवाली कस्तुरामावशी,
खाते क्रमांक चारशे सतरा, रोजचे दहा.
बटण दाबलं.
खट्
आणि सगळं काळं.

"बिघडला?"
"आत आरसा आहे. फोटो निघताना तो उठतो,
उजेडाला वाट देतो.
तेवढ्यापुरतं तुम्हाला दिसत नाही.
बिनआरशाचे आलेत आता, त्यात असं होत नाही.
पण ते तुमच्या चौदा महिन्यांत बसत नाहीत."

म्हणजे जे धरलं
नेमकं तेच माझ्या नजरेतून सुटलं.
मागच्या पडद्यावर पाहिलं:
कागदाचा पुडा अर्धा वळलेला,
मावशी सरळ माझ्याकडे बघत हसतेय,
आणि वरचा एक दात नाही.
नऊ वर्षं मी रोज तिच्यासमोर उभा राहतो.
मला तिचा अंगठा ठाऊक होता,
तेलकट दहाची नोट ठाऊक होती.

जुना घेतला.
रस्ता ओलांडला तर तिनं नोट पुढे केलीच.
"उशीर केलास. आणि ह्ये गळ्यात काय?"
दाखवला.
बराच वेळ बघितलं तिनं, पदरानं हात पुसून,
पडद्याला बोट न लावता.
"मी हाय व्हय ही?
पुसून टाक. उद्या चांगलं नेसून येते, मग काढ."

पुसला, म्हणालो.