नव्याला ठिगळ

डेन्मार्कहून चाळीस खोकी आली,
समुद्राखालच्या बोगद्यातून, ओल्या ट्रकमधून,
क्लाक्सविकच्या इस्पितळाच्या तळघरात.
थर्मोकोलचा चुरा माझ्या स्वेटरला चिकटलाय
तो अजून निघत नाही.

यंत्रं कोरी. पडद्यावरची फिल्मसुद्धा काढलेली नाही.
आणि पहिलं बटण दाबताच सांगतात :
एकसष्ट ठिकाणी फाटलोय.

आत भरलेली प्रणाली गेल्या वर्षीची.
ती गोदामात पडल्या पडल्या
कुणीतरी लांब बसून तिच्यात भोकं शोधली,
कुणीतरी घाईघाईनं ठिगळं शिवली.
घडी न मोडलेल्या कापडाला ठिगळ!
आईला सांगितलं तर म्हणेल,
दुकानदाराच्या तोंडावर मार.

हेरगेर चोवीस वर्षांचा. म्हणतो, सगळीच टाकू,
रात्रभर चालू दे, आपण घरी जाऊ.
मी म्हणते, बस.
त्याला तो मार्च ठाऊक नाही.

त्या मार्चमध्ये एका ठिगळानं आमचं एक अक्षर गिळलं.
मानेवर आडवी रेघ असलेलं ते,
जे आम्ही लिहितो आणि म्हणत नाही.
लांबच्यांना वाटलं असेल,
उच्चारच नाही तर बिघडलं कुठे.
पण रक्ताच्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांत
त्याच्या जागी रिकामा चौकोन उमटला,
आणि प्रयोगशाळेतली सुन्न्वा, हातात ट्रे धरून,
दोन दिवस वॉर्डावॉर्डात झोपलेल्यांना उठवत फिरली :
तुमचं नाव काय? पूर्ण सांगा.

म्हणून आज एकच यंत्र प्रिंटरला जोडलं.
एकसष्टच्या एकसष्ट टाकली.
सुन्न्वाच्या नातवाचं नाव छापलं, एयुन.
चौकोन.
तीस काढली. चौकोन.
आणखी पंधरा काढली. अक्षर आलं.
त्यातली आठ परत घातली. चौकोन.
हेरगेरनं जॅकेट काढून खुर्चीला अडकवलं,
घरी जायचं तो विसरला.

दीड वाजता सापडलं. एकच.
त्याची माहिती मी दोनदा वाचली, मग त्याला वाचायला दिली.
सगळ्यात मोठ्या भोकावरचं ठिगळ तेच.
याच भोकातून शरद ऋतूत कुणी
शेजारच्या बेटावरच्या मासळी कारखान्यात शिरलं होतं,
आणि बर्फात ठेवलेला कॉड
हिशेबाविना नऊ दिवस पडून राहिला होता.

आता? हेरगेर म्हणाला.
कॉफी गार होईपर्यंत मी काही बोलले नाही.

आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावणार, म्हणतात.
खरं आहे.
पण आभाळाखाली खोल्या असतात,
आणि कुठली खोली गळलेली चालेल
हे कुणीतरी ठरवायचंच असतं, रात्री, पगारात.

साठ ठिगळं चाळीसही यंत्रांना.
एकसष्टावं एकोणचाळिसांना.
चाळिसावं प्रयोगशाळेत, एकटं, जगापासून तोडलेलं.
त्याच्या तारेचं टोक लाल चिकटपट्टीनं गुंडाळून
मी लिहिलं : लावू नये. मार्यून. आणि तारीख.

म्हणजे नावं आता सुन्न्वा हातानं टाइप करणार,
दिवसाला दोनशे.
ठिगळ शेवटी तिलाच लागलं,
हे हेरगेर बोलला नाही, पण माझ्याकडे बघितलं त्यानं.

साडेचारला यादी आपोआप ताजी झाली.
बासष्ट.
आम्ही दोघंही वेड्यासारखे हसलो.

सहाला सुन्न्वा आली. लाल पट्टी वाचली, चष्मा पुसला.
किती दिवस?
ठिगळाला ठिगळ येईपर्यंत, मी म्हटलं.
ती म्हणाली, एप्रिलात मी निवृत्त होतेय.
मग टोपलीतली एक फुकट गेलेली चिठ्ठी उचलून
चौकोनात पेनानं ते अक्षर काढलं,
रेघ जरा जास्तच लांब,
आणि चिठ्ठी एप्रनच्या खिशात टाकून
दिवे लावायला गेली.