बारावा प्रश्न

फॉर्मवर अकरा प्रश्न होते.
दात, गुडघे, कंबर,
पाणी कोणत्या बोरिंगचं, किती वर्षांपासून.
मी दहावी पास, चिंचपोडातलीच,
म्हणून पेन माझ्याकडे.
डॉ. खोब्रागडे नागपूरहून बाटल्या घेऊन आलेले.
बाटल्यांवर नंबर होते, गावाचं नाव नव्हतं.

लेतूबाई टेकाम अंगठा द्यायला तयार होईना.
"मांगच्या सालीबी एक जण आला,
पोट्ट्यायचे दात मोजून गेला.
काय निंघालं त्यातून?
आमाले त कोणी नाही सांगतलं."
सरांनी पेनाला टोपण लावलं.
"मग काय विचारू, तुम्हीच सांगा."

बराच वेळ कोणी बोललं नाही.
एक कोंबडी फॉर्मवरून चालत गेली.
"वरण शिजते का," लेतूबाई म्हणाली,
"हे काहून नाही इचारत?"

तो बारावा. साठ फॉर्मांच्या तळाशी
बायांनी वाटून घेऊन हातानं लिहिला,
काहींची वेलांटी चुकलेली.

पाच बोरिंग. प्रत्येकीचं पाणी,
वाटीभर तुरीची डाळ, एकच चूल,
आणि माझ्या मोबाइलचं घड्याळ.
शाळेजवळच्या पाण्यात डाळ
दाणा दाणा रुसून बसली.
मोहाखालच्या पाण्यात अर्ध्या तासात लोणी.
ते आमचं गोड पाणी.
बाळंतिणीला तेच, पाहुण्याला तेच,
दोन वावरं ओलांडून आणलेलं.

रिपोर्ट आधी पोडात वाचायचा, असं ठरलं होतं.
सरांनी शब्द पाळला.
मोहाखाली बसूनच वाचला.
आमच्या पाच बोरिंगांत
जिथं डाळ लवकर शिजते
तिथंच फ्लोराइड जास्त.

लेतूबाईनं नातवाला ओढून घेतलं,
त्याचा ओठ अंगठ्यानं वर केला,
दातांवरच्या पिवळ्या पट्ट्या पाहिल्या,
रोज पाहूनही न पाहिलेल्या.
"मीच पाजलं," म्हणाली. "गोड म्हून."

या वाक्याला फॉर्मवर रकाना नव्हता.
सर काही लिहीत नव्हते.
मीही नाही.

पंचायतीनं लाल रंगाचा डबा दिला.
तिनं ब्रश कोणाच्या हाती दिला नाही.
दांडा रंगवता रंगवता, आमच्याकडे न बघता,
"नागपूरले जो कागद जाईन
त्यात माह्यं नाव टाकजा.
अंगठा नाही. नाव."

आता शाळेजवळून पाणी आणतो.
वरणाला दोन तास लागतात.
जास्तीचं सरपण कोणाच्या डोक्यावरून येणार,
हा तेरावा.
तो मी सरांना न विचारता लिहिला.