पान पाच, खालचा कोपरा

सगुण नार्वेकरचा वास्कोहून फोन आला तेव्हा
पान एक सुटायला चाळीस मिनिटं होती.
मागे खारीवाड्याच्या जेटीचा गलका,
आणि त्याचा आवाज हळू,
देवळात बोलावं तसा.

"ट्रॉलरच्या जाळ्यात काहीतरी आलंय.
मोरीएवढं. पिवळं. दोन आखूड पंख.
पोटावरचे आकडे कुणीतरी मुद्दाम खरवडलेत.
आता ताडपत्री टाकलीय, पण त्याआधी फोटो काढले. तीन.
एक हललाय."

बावीस वर्षं मथळे लिहितोय मी.
नारळ महागले. फेरीबोट बंद. मंत्र्यांचे आश्वासन.
आठ कॉलमांच्या टाइपाला कधी हात लागला नव्हता.
सांगायला लाज वाटते, पण त्या रात्री
देशाच्या काळजीपेक्षा
अक्षरांच्या उंचीनेच मी हरखलो.

मग आंगलेबाबांचा फोन वाजला.
ते उभं राहून बोलले. जी. जी. नक्की.
बराच वेळ चष्मा पुसला.
"कमांडर म्हणतात, चार दिवस थांबा.
देशाचा प्रश्न आहे. नंतर आधी तुम्हालाच देतो."
सव्वाबाराला त्या जागेवर
पुण्यस्मरणाची जाहिरात बसवली,
पर्वरीचे कुणी कंत्राटदार,
हसरे, रंगीत.

चार दिवस आम्ही इमानदार होतो.
सगुणने बायकोलाही सांगितलं नाही.
मी रात्री सांतिनेजच्या पुलावर स्कूटर थांबवून
एकच शब्द बदलत राहायचो:
आढळले, सापडले,
गवसले.

पाचव्या पहाटे, पोदेराचा भोंगा गल्लीत वाजत असताना,
दिल्लीचा एक आणि मुंबईचे दोन पेपर.
तीच वस्तू. धुऊनपुसून टेबलावर,
शेजारी मोजपट्टी.
"विश्वसनीय सूत्रांनी सांगितले."
आमच्याकडे सूत्र नव्हतं,
सगुण होता.
आमच्या पान एकवर त्या दिवशी
एका पुलाचं काम पुन्हा रखडलं होतं.

आंगलेबाबांनी तिन्ही अंक पसरले, घडी घातली,
पुन्हा पसरले.
कमांडर बैठकीत होते. दुपारी बैठकीत. संध्याकाळीही.
पेडण्याचा एजंट फोनवर हसला,
"गोंयची खबर दिल्लीक कळ्ळी, आनी तुमकां ना?"

आठवड्याने ऑफिसात कायतान आला, त्या ट्रॉलरचा तांडेल.
छत्रीचं पाणी फरशीवर पडू नये म्हणून
ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून
मांडीवर धरून बसला.
"पेपरांत सगळें आयलां," म्हणाला.
"म्हजें जाळें खंय?"

पुरावा म्हणून नेलं होतं. पावती नाही.
पंच्याऐंशी हजारांचं, अर्धे हप्ते बाकी.
हंगाम उघडून तीन आठवडे झालेले
आणि होडी जेटीला बांधलेली,
छपरावर कोळशाची भुकटी साचत.

मी तिन्ही अंक परत वाचले.
बॅटरी होती. संभाव्य देश होता.
समुद्राचा तळ मोजणारे तज्ज्ञ होते, निवृत्त आणि कार्यरत.
जाळं कुठेच नव्हतं.
"मच्छीमारांना आढळले" एवढंच,
जणू त्यांनी ते वाळूतून
शिंपलीसारखं उचललं.

सगुणने नऊ ओळी लिहिल्या.
पान पाच, खालचा कोपरा, भरती-ओहोटीच्या वेळांखाली.
"जाळे परत द्या: तांडेलाची मागणी."
या वेळी थांबा म्हणायला
कुणाचाच फोन आला नाही.

जाळं आलं ते दिवाळीच्या तोंडावर, तीन पोत्यांत.
जिथे पंख अडकला होता तो तुकडा
कापून ठेवून घेतलेला.
कायतानने ते जेटीवर पसरलं,
भोकातून हात घातला, खांद्यापर्यंत,
आणि आमच्याकडे बघून बोटं हलवली.

सगुणने फोटो काढला.
हा मुळीच हलला नव्हता.
मी टेबलाशी बसून
जागा मोजत राहिलो.