गाळलेला सूर

व्हर्लिन कटशॉच्या फिडलच्या पोटात
खुळखुळ्या सापाची शेपटी आहे.
आजोबांनी टाकलेली. ओल धरत नाही म्हणे,
उंदीरही फिरकत नाहीत.

ती धून त्याने उचलली एझरा पोलीकडून,
ज्याची डावी करंगळी कोळशाच्या खाणीत राहिली.
चौथ्या वळणावर एझरा एक सूर गाळायचा.
बोटच नव्हतं, करणार काय!
व्हर्लिनची दहाही बोटं शाबूत,
तरी त्यानेही तो गाळलाच.

मग साठ वर्षं. डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात रात्रपाळी,
शनिवारचे नाच, दोन चर्चं, एक घटस्फोट,
परत तीच दरी.
टेपरेकॉर्डर घेऊन कॉलेजातला एक पोरगा आला,
"ही धून मूळची कुठली?"
"वरच्या खोऱ्यातली.
त्याच्या वरचं मला ठाऊक नाही."

आता बोटं आखडलीत.
स्वयंपाकघरात समोर डेल्फा, वय अकरा,
हनुवटीखाली तेच फिडल.
चौथ्या वळणाशी थबकते:
"इथं काहीतरी राहिलंय."
तो गजाला राळ घासायचा थांबतो.
"तिथं एझरा बसतो.
जरा सरकून वाजव."

ती पुन्हा सुरू करते.
शेपटी खुळखुळते आतल्या आत.