उपाशीपोटी

सकाळी सव्वासहाला नारायण पेठेत
तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवायची नसते.
टिचकी मारायची. एकच.
टिल्लूकाका आतून कडी काढतात,
साखळी नाही.
फटीतून विचारतात, "सुई नवीन ना?"
मी पाकीट दाखवते.
मग साखळी.

टेबलावर मागचे सगळे रिपोर्ट,
तारीखवार, टाचणीनं टाचलेले.
उजवा दंड की डावा, हे आदल्या रात्रीच ठरलेलं.
"मागल्या खेपेला एकवीस मिनिटांनी आलात."
पुलावर टेम्पो बंद पडला होता, मी सांगते.
"पुलावर टेम्पो बंद पडणार
हे धरूनच निघावं."
पाणी विचारत नाहीत.
पैसे मात्र सुटे, मोजून, लिफाफ्यात,
वर गोल अक्षरात: कु. लोंढे.
माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली.

मग खडकी, बोपोडी, पूल.
पायांशी डब्यात बर्फाच्या पिशव्या सरकतात.
पुलाच्या मधोमध शहर बदलतं म्हणे,
पाटीही आहे तशी.
मी बोपोडीतच राहते, अगदी काठावर.
आमच्या गल्लीतली कुत्री
दोन्हीकडे भुंकून येतात.

काळेवाडीत दार उघडंच.
उंबऱ्याबाहेर चपला अकरा.
जोड्या नव्हे, चपला.
"आली गं, रक्तवाली ताई आली!"
शेजारचे दोघं बनियनवरच हजर,
"आमचंबी घ्या की, सुई काढलीच हाय तर."
थोरला रात्रपाळीहून आत्ताच आलेला,
हातांना मशीनच्या पाण्याचा वास,
भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेला.
उफाडेबाई दंड पुढे करतात.
तोंडात बिस्कीट.
"अहो, उपाशी राहायचं होतं ना?"
"उपाशीच हाय की. एकच खाल्लंय. तेबी चहात."
मग मलाही चहा,
नको म्हणायची सोयच नाही.
मागचा रिपोर्ट?
तो तुरीच्या डब्याखाली,
डबा डुगडुगू नये म्हणून.

बरीच वर्षं मी हे रंगवून सांगायचे.
तिकडे साखळी, इकडे चहा.
मावसबहिणीच्या डोहाळजेवणात
टिल्लूकाकांचा आवाज काढून दाखवला,
बायका ओटी विसरून हसल्या.

गेल्या फाल्गुनात काळेवाडीत गेले
तर दाराला कुलूप.
शेजारी दुसरेच. बनियनसुद्धा दुसऱ्याच.
"उफाडे? कोण उफाडे?"
कुणी म्हणालं कंपनी हलली,
कुणी म्हणालं गावाकडं, लातूरला.
घरमालकाला फक्त डिपॉझिट आठवत होतं.
फोन लागेना.
पिशवीत त्यांचा रिपोर्ट:
साखर तीनशे दहा.
हा कुणाच्या हातात द्यायचा?

आणि त्याच महिन्यात मला टायफॉइड.
लॅबनं नारायण पेठेत एका पोराला पाठवलं.
साखळी निघाली नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
तिसऱ्या दिवशी टपालानं अर्ज, दोन प्रतींत,
एक प्रत शिक्का मारून परत मागितलेली:
"कु. लोंढे यांच्या गैरहजेरीचे कारण
कृपया लेखी कळावे.
तोवर आम्ही उपाशी."

पुन्हा रुजू झाले त्या दिवशी
सव्वासहाला टिचकी मारली.
"सुई नवीन ना?"
बाकी काही नाही.
'कु.' मी अजून खोडायला सांगितलेलं नाही.

डोहाळजेवणातली नक्कल आता जमत नाही.
मधेच अडते, कुठं हसायचं ते कळत नाही.
तो रिपोर्ट स्कूटरच्या डिकीत,
घडीवर फाटत चाललेला.
उफाडेबाईंचा चेहरा पुसट झालाय,
पण डाव्या कोपरातली ती शीर,
जरा तिरकी, पटकन सापडणारी,
ती मी कुठेही ओळखेन.
डांगे चौकात सिग्नलला बस थांबते,
बायका खिडकीची दांडी धरतात,
बाही मागे सरकते.
मी हेल्मेटची काच वर करते.