दहा नंबर

रेडिचमध्ये आकडे उलटे चालतात.
पाच नंबरची सुई मोठी, दहाची बारीक,
बाराची बेरिल नुसती दाखवते, हातात देत नाही.
"आधी दहाशी जमव," म्हणते.

मंगळवार दुपार, चॅपलमागचा हॉल.
आम्ही सातजणी, ताणलेली चौकट,
मधे कुणाच्या तरी व्हायच्या नातवाची गोधडी.
मी सगळ्यांत नवी.
सव्वीस वर्षं इस्पितळात लोकांचं रक्त काढलं.
माझी सुई दिसली की माणसं भिंतीकडे बघायची,
दांडगे ट्रकवाले घामाघूम व्हायचे.
आणि इथे या बाया सुई खिडकीशी धरून
तिच्याकडे असं बघतात
जसा नथीचा मोती पारखावा.

आमच्यात त्या भोकाला नेढं म्हणतात, मी सांगितलं.
डोंगराला आरपार भोक असतं ना, त्यालाही नेढंच.
ग्लेनिसने दोनदा म्हणून पाहिलं, "नेडा, नेडा,"
मग एक डोळा मिटून दोरा घातला,
अख्खा डोंगर ओवल्यासारखा.

सुई एकटी जन्मत नाही, बेरिल सांगते.
तार कापायची दोघींच्या लांबीची,
दोन्हीकडे टोकं, मधोमध शेजारी-शेजारी दोन नेढी,
मग मोडायची. जुळ्या.
लाल होईस्तोवर तापवायची, तेलात विझवायची,
साबण आणि कुरुंदाची पूड घालून
गोणपाटात बांधायची हजारोंनी,
आणि पाणचक्कीच्या जोरावर आठ-आठ दिवस लोळवायची.
चमक कुणी वरून लावत नाही.
एकमेकींना घासून येते ती.
("आमच्यासारखीच," डोरीन दर वेळी म्हणते.
आता कुणी हसत नाही.)

आणि टोक?
टोकाचं बेरिल लगेच सांगत नाही.
आधी चहा होतो, आल्याची बिस्किटं फिरतात.

तिचे पणजोबा एनॉक. टोक काढणारे.
मूठभर तारा तळव्याखाली लोळवत
कोरड्या दगडावर धरायच्या. ठिणग्या उडत,
आणि धूळ, दगडाची, पोलादाची, थेट छातीत.
पगार मात्र गावात सगळ्यांहून चांगला.
धूळ ओढणारा पंखा बसवू म्हणाले,
तर हेच लोक नको म्हणाले:
धूळ गेली की पगारही जाईल.
तेहतिसाव्या वर्षी एनॉकच गेले.

"त्यांच्या बायकोची एखादी गोधडी आहे का तुझ्याकडे?" मी विचारलं.
"छे. सुई घरात येऊ देत नसे ती.
पोरांची बटणं शेजारीण लावायची.
तिचं सगळं टाचण्यांवर."

तेवढ्यात मला टोचलं.
अंगुस्तान वरच्या हाताला. खालचं बोट उघडंच,
गोधडीखाली वाट बघत बसलेलं;
सुई आल्याचं आधी त्यालाच कळतं.
पांढऱ्या चौकोनावर एक थेंब.
इतकी वर्षं नळ्यांमधून दुसऱ्यांचं पाहिलं,
नावाची चिठ्ठी चिकटवून पुढे पाठवलं.
हे बिननावाचं, माझं.
मी नळाकडे धावले तर बेरिलने हात धरला.
"पाणी नको. ज्याचं रक्त त्याचीच थुंकी."
पांढऱ्या दोऱ्याची गुंडी तोंडात भिजवली, टिपलं.
गेला डाग.
इस्पितळात हे कुणी शिकवलं नव्हतं.

पाचला टाचण्या मोजतो.
काचेच्या डोक्याच्या, इस्त्रीखाली न वितळणाऱ्या.
बावन्न काढल्या होत्या. एक्कावन्न भरल्या.
उद्या सकाळी याच जमिनीवर रांगती मुलं येतात.
सातजणी गुडघ्यांवर. कुणाचे गुडघे नवे बसवलेले,
कुणाचे बसवायच्या यादीत.
डोरीन लोहचुंबक फिरवते फळ्यांच्या फटींवरून.

टक् करून एक वर आली.
गंजलेली, वाकडी, डोकं कधीच झिजलेलं.
आमची नव्हे.
बेरिलने ती पदरासारख्या ॲप्रनच्या टोकाला पुसली,
कॉलरमागे खोचून ठेवली,
मोजणीत धरली नाही.

"एक्कावन्न," म्हणाली.
आम्ही पुन्हा शोधायला लागलो.