तिसरा वार

ऑफिसातून मेल आला :
यापुढे आठवड्याला चारच दिवस काम.
शनिवार-रविवार आहेतच, तिसरा वार ज्याचा त्याने निवडावा.
शुक्रवारपर्यंत कळवा.
खाली एक छोटा रकाना, कारण, आणि कंसात : ऐच्छिक.

बाणेरच्या सातव्या मजल्यावर मग
दुपारभर कुणी काम केलं नाही.
फडतरे म्हणाला, सोमवार, डोळे मिटून सोमवार,
रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो
तो तरी टळेल.
"तो सोमवारी संध्याकाळी येईल," शाहीन म्हणाली,
आणि स्वतः शुक्रवार मागितला, रकाना न भरता.
बुधवार कुणालाच नको होता.
मधल्या मुलासारखा तो
टेबलाटेबलावरून फिरत राहिला.

मी एकेक वार हातात घेऊन बघत होते,
मंडईत पेरू बघावा तसा,
दाबून, हुंगून, परत ढिगावर ठेवून.

घरी कालिंदाला सांगितलं. ती कढई घासत होती.
"मग त्या दिवशी मी यायचं का नाही?"
ये की, म्हटलं.
"तुम्ही घरात असला की भांडी जास्त पडतात, ताई."
तिचा वार कोणता, हे विचारायचं सुचेपर्यंत
ती चपला घालून तिसऱ्या घराकडे गेलेली.

बाबा एकतीस वर्षं भोसरीत, लेथवर.
भोसरीला सुट्टी गुरुवारी.
वीज पुरवून पुरवून वापरायची
म्हणून कारखान्यांना वार वाटून दिलेले,
कुणाला कोणता हवा, हे न विचारता.
माझी शाळा रविवारी बंद, आईची पतपेढी रविवारी बंद,
आणि रविवारी पहाटे बाबा
डबा सायकलच्या हँडलला अडकवून निघालेले.
कडी वाजली की मी कूस बदलायचे.
खंडेनवमीला तेवढे आम्ही तिघं एकत्र,
झेंडू घातलेल्या लेथसमोर उभे,
पाहुणे आल्यासारखे.

गुरुवारचे बाबा मी पाहिलेच नाहीत.
शाळेतून यायचे तोवर ते दुधाला गेलेले असत.
मला दिसायचं ते एवढंच :
कंपासातल्या सगळ्या पेन्सिली टोकदार, एका उंचीच्या,
बुटाची उघडलेली शिवण मेणदोऱ्याने बंद,
भूगोलाच्या पुस्तकाला खाकी कव्हर
आणि त्यावर माझं नाव, ड्रॉइंगमधल्यासारख्या अक्षरांत,
अगदी मिलिमीटर मोजून.
ओट्यावर एक ताटली उपडी. तिच्याखाली
अर्धा चिक्कू.
अर्धा का, हे कधी विचारलं नाही.

रात्री फोन केला.
"बाबा, गुरुवारी काय करायचात हो दिवसभर?"
"कोणत्या गुरुवारी?"
"भोसरीत होतात तेव्हा."
"काय करणार. झोपायचो."
"आणि पेन्सिली?"
पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.
"त्या होत असतील अधूनमधून."
मग बराच वेळ फक्त पंखा.
"घर फार मोठं वाटायचं गं," म्हणाले,
"दीड खोलीचं, पण दुपारी फार मोठं.
तुझं दप्तर नसायचं ना खुंटीला."

मी म्हटलं, मी गुरुवार घेते.
"छे छे, गुरुवार मुळीच नको," बाबा एकदम जागे झाले,
"गुरुवारी पाणी नसतं.
दुरुस्ती काढतात, दिवसभर नळाला थेंब नाही.
बुधवारी रात्रीच भरून ठेवावं लागतं सगळं.
तू मंगळवार घे. मंगळवारी फोर्स असतो."
आणि मोटर कधी लावायची, टाकीचा कॉक कसा अर्धाच फिरवायचा,
हे त्यांनी मला वीस मिनिटं समजावलं.
मी मध्ये बोलले नाही.

फोन ठेवून फॉर्म उघडला.
गुरुवारवर टिचकी मारली.
रकान्यात 'वडील' लिहिलं, खोडलं,
'पाणी' लिहिलं, तेही खोडलं.
ऐच्छिक होतं, ऐच्छिकच राहू दिलं.

मग मोरीत जाऊन दोन बादल्या, एक पिंप
आणि उगाच पातेलीसुद्धा
काठोकाठ भरून ठेवली.

वार सोमवार होता.